दाराबाहेर ठेवलेली पिशवी

धाकटी कामावरून आली तेव्हा तिची पिशवी पुन्हा दाराबाहेर होती. पिशवीवर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलावर कंगवा आणि शेजारी घरात घालायच्या चपला, तोंडं जिन्याकडे केलेल्या. पाहुण्याला मानाने वाटेला लावावं तसं सगळं नीटनेटकं. हे काम कुणाचं ते विचारायला नको होतं. घरात तीन वर्षांचा टिल्लू होता, त्याला घडी घालता यायची नाही. टिल्लूचे बाबा होते, त्यांनाही यायची नाही. राहिली ठकू, वय वर्षं आठ.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा धाकटी ओरडली होती. नंतर एकदा रडवेली झाली होती. आता तिने नुसती पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि आत गेली.

"ठकू, मी आले गं."

ठकू दाराकडे पाठ करून खिडकीशी बसली होती. ती वळली नाही.

ठकूची आई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. दोघींचे आईवडील लवकर गेले, तेव्हा ताई नुकती कुठे कामाला लागली होती आणि धाकटी शाळेत होती. ताईनेच तिच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, ताप आला की उशाशी बसली, आणि पुढे एका चष्म्याच्या दुकानात तिला चिकटवून दिलं. तिथे धाकटी काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, सैल दांड्या आवळायची, नाकाला टोचणाऱ्या गाद्या बदलून द्यायची. ताईचं लग्न झालं तशी ती दोन मैत्रिणींबरोबर वेगळी राहू लागली, पण रविवार मात्र ताईकडे. ठकू झाली आणि मग तर विचारूच नका. पोर मावशीला अशी चिकटली की ताई म्हणायची, "हिला तुझ्या पदराला टाचूनच घे बाई, मला आपला टिल्लू पुरे."

अशी ती ठकू. आणि आता तीच ठकू मावशीच्या हातचं जेवत नव्हती.

ताई गेली ती एका साध्या सकाळी. ठकू शाळेत, तिचे बाबा कामावर. ते लिफ्टची दुरुस्ती करत. त्या वेळी ते एका उंच इमारतीच्या माथ्यावर यंत्राच्या खोलीत होते आणि त्यांचा फोन खाली हत्यारांच्या पेटीत होता. घरी ताई आणि टिल्लू दोघंच. ताई ओट्यापाशी उभी होती ती तिथेच खाली कोसळली. वरचा नळ तसाच वाहत राहिला. दाराखालून पाणी जिन्यावर आलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर धावल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टिल्लू आईच्या दंडावर डोकं ठेवून बसला होता. त्याने तिच्या अंगावर आपली छोटी गोधडी घातली होती, तीही भिजून चिंब झालेली. तोंडावर बोट ठेवून तो म्हणाला, "शू! आई झोपलीये."

मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आधीपासून कमकुवत असणार, कुणाला कळायचा मार्गच नव्हता.

"आई झोपलीये ना?" टिल्लू ज्याला त्याला विचारत राहिला, आणि मोठ्या माणसांनी काय करावं? "हो रे राजा, झोपली," असं सांगितलं. तेवढ्यापुरती प्रत्येकाची सुटका झाली. पण तेव्हापासून त्या पोराने एक नवंच काढलं. घरात कुणी डोळे मिटले की तो धावत यायचा आणि दोन्ही बोटांनी पापण्या वर उचलायचा. बाबा कामावरून येऊन खुर्चीत जरा टेकले की हा छातीवर चढायचा. "बाबा, उघडा! उघडा!" आणि स्वतः झोपायला तर तयारच नसायचा. डोळे तांबारलेले, मान लुडकतेय, तरी बसून राहायचा.

ठकूचं उलट. ती रडलीच नाही. शाळेतून आणून तिला सांगितलं तेव्हा तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग दप्तर जागेवर ठेवलं, डबा काढून घासायला टाकला आणि हात धुतले. लोक म्हणाले, केवढी समजूतदार आहे! धाकटीच्या मात्र काळजात लक्कन हललं. या पोरीने आजवर एकदाही न सांगता डबा काढला नव्हता.

धाकटीने दुकानातून अर्ध्या दिवसाची सवलत मागून घेतली आणि पिशवीत चार कपडे टाकून ती राहायलाच आली. ती दुकानात असे तेवढा वेळ खालच्या बाई मुलांकडे बघत. दुसरं कोण येणार होतं? भावजी तर असून नसल्यासारखे. सकाळी बाहेर पडत ते अंधार पडल्यावर उगवत. लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट त्यांना एवढ्या कधीच लागल्या नव्हत्या. साहेब नको म्हणाले तरी दुसऱ्याच्या पाळ्या मागून घेत. आणि घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्टच नाही. ताई हसायची, "लिफ्टवाल्याची बायको आहे मी, म्हणून आयुष्यभर जिने चढतेय." आता ते जिने चढून येत तेव्हा पावलं शेवटच्या वळणावर थांबत. बराच वेळ थांबत. मग किल्लीचा आवाज येई.

ठकूचं वागणं मात्र दिवसेंदिवस बिघडत गेलं. मावशीने वाढलेलं ताट ती सरकवून द्यायची. मावशीने घातलेली वेणी जिन्यातच सोडून केस मोकळे घेऊन शाळेत जायची. एकदा धाकटीने तिला बळेच जवळ ओढलं तर तिने मनगटाला असा चावा घेतला की दात उमटले. आणि ही पिशवी तर रोजचीच.

"कडू निघाली गं पोरगी," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे भावजींची मोठी बहीण. आठवड्यातून एकदा यायची, घर वरपासून खालपर्यंत झाडून काढायची आणि जाताना सगळ्यांना बोलून जायची. मनाची वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. "आईवेगळी पोरं अशीच होतात. यावर एकच औषध आहे."

"कुठलं?" धाकटीने विचारलं.

"मी तर उघड बोलते बाई. तू इथे राहतेसच. मुलांना तुझा लळा आहे. बाहेरची कुणी आणण्यापेक्षा घरचीच बरी. वर्ष उलटू दे, आणि मग चार माणसांत उरकून टाकू."

धाकटीच्या हातातली वाटी तशीच राहिली. भावजी समोर बसले होते. त्यांनी मान वर केली, जणू भलत्याच भाषेत कुणी काही विचारलं आहे. "अक्का," ते म्हणाले, "तिची चादर अजून मी बदललेली नाही."

"अरे, मी काय आज म्हणतेय का?"

दारात ठकू उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. धाकटी उठून तिच्याकडे गेली तशी ती मागे सरली, एकेक पाऊल, भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिच्या डोळ्यांत राग असता तर धाकटीने सोसला असता. राग नव्हता. भीती होती. मावशीची भीती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेतून फोन आला. ठकूने वर्गातल्या एका मुलीला ढकललं होतं, तिचं कपाळ बाकावर आपटलं होतं. ती मुलगी एवढंच म्हणाली होती की, "तुझी मावशी आता तुझी नवी आई होणार ना?"

धाकटीने भावजींना फोन केला. ते म्हणाले, "तूच जा ना. मला इथून निघता यायचं नाही." मग ती काउंटर सोडून तशीच निघाली.

शाळेत एक समुपदेशक बाई होत्या. मुलं त्यांना गप्पांच्या बाई म्हणत, कारण त्यांच्या खोलीत फळा नव्हता आणि परीक्षाही नव्हती. धाकटीने आत गेल्या गेल्या माफी मागायला सुरुवात केली. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"शिक्षा करायला नाही बोलावलं तुम्हाला. ठकू माझ्याकडे येते अधूनमधून. बोलत नाही, पण मातीशी खेळते. घरातली माणसं करते. त्यातलं एक माणूस दर वेळी उचलून टेबलाखाली ठेवते. मी विचारलं, हे कोण? म्हणाली, मावशी. मावशी बाहेरच राहायला हवी, तरच."

"तरच काय?"

"पुढे बोलली नाही. मीही ओढून काढलं नाही. पण ती तुमच्यावर चिडलेली नाहीये, एवढं मला वाटतं. ती कशाला तरी घाबरलीये."

धाकटी पदराशी चाळा करत बसली. बाईंनी विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे. मला काय होतंय?"

"रडलात?"

"वेळ कुठे मिळतोय हो," असं धाकटी म्हणाली आणि हसली. ते हसू मध्येच कुठेतरी मोडलं. "मुलांसमोर नाही रडत आम्ही कुणी. मी न्हाणीघरात नळ सोडते आणि..."

"म्हणजे ठकूने या घरात कुणालाच रडताना पाहिलेलं नाही."

हे धाकटीला सुचलंच नव्हतं. आपण मुलांना सांभाळतोय, असंच ती समजत होती.

बाईंनी टिल्लूचंही विचारलं. पापण्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "त्याला खरं सांगा. झोपली नाही, दूर गेली नाही. मेली, असंच सांगा. शब्द कानाला कठोर लागतो, पण त्याचा दुसरा अर्थ होत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारेल, तितक्यांदा सांगावं लागेल. आणि हे बाबांनी सांगायचं. त्यांना माझ्याकडे पाठवा."

"ते नाही यायचे."

"मग मी त्यांना फोन करेन. रोज करेन," बाई म्हणाल्या.

शाळेतून घरी येताना ठकू चार पावलं पुढे चालत होती. रस्ता ओलांडतानासुद्धा तिने हात दिला नाही. इमारतीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटी थांबली. इथूनच ते पाणी खाली वाहिलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली. आणि मग कसला नळ आणि कसलं न्हाणीघर! इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. तोंडात पदर कोंबूनही आवाज थांबेना.

वर गेलेली पावलं थांबली. मग हळूहळू खाली आली. ठकू दोन पायऱ्या वर उभी राहून बघत होती.

"मावशी, तुला बाऊ झाला?"

"हो गं. मला ताई हवीये," धाकटी म्हणाली.

ठकूने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "मग तू तुझ्या घरी का जात नाहीस?" ती म्हणाली. "मी रोज तुझी पिशवी भरते. तू रोज परत येतेस. तू जात नाहीस म्हणून ते खरं होतंय."

"काय खरं होतंय, बाळा?"

"मी म्हटलेलं."

"काय म्हटलं होतंस तू?"

ठकूचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. धाकटी उठली नाही, जवळ गेली नाही. वाट बघत राहिली. शेवटी ठकू भिंतीकडे तोंड करून, शाळेत पाठांतर म्हणावं तसं एका दमात म्हणाली, "माय मरो आणि मावशी जगो."



"त्या दिवशी म्हटलं मी. शनिवारी तुझ्याकडे राहायला यायचं होतं, आई नाही म्हणाली. म्हणाली खोकला झालाय तुला. मग मी जिन्यातून मोठ्यांदा ओरडले. आणि मग आई मेली. आणि तू आलीस. आणि आत्या म्हणते तू इथेच राहणार. म्हणजे सगळं मी म्हटलं तसंच झालं ना? तू गेलीस तर निदान अर्धं तरी खोटं होईल."

ती म्हण! त्या घरात तर ती मिठासारखी वापरात होती. ताई रागावली आणि मावशीने बाजू घेतली की ताई स्वतःच कमरेवर हात ठेवून म्हणायची, "हो हो, माय मरो आणि मावशी जगो!" आणि तिघी हसायच्या. कुणी कधी त्या शब्दांकडे नीट पाहिलंच नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीने पाहिलं, आणि इतके दिवस ते एकटीने पोटात धरून ठेवलं. जेवताना, शाळेत, अंथरुणात. मावशीचा घास तोंडात घेतला तर आपलं म्हणणं खरं होईल, म्हणून उपाशी राहिली.

"ठकू, इकडे बघ. तू शाळेत गेलीस ना, त्यानंतर आईने मला दुकानात फोन केला होता."

ठकूची मान वळली.

"आणि ती हसत होती. इतकी हसत होती की तिला धड बोलता येईना. म्हणाली, 'अगं ऐकलंस का, तुझी लाडकी मला काय सुनावून गेली? माय मरो म्हणे! सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकलं, खालच्या बाई दारात आल्या!' मी पण हसले. ती म्हणाली, 'पोरीचा आवाज बघ कसा खणखणीत आहे, खोकला नाहीच बहुतेक. शनिवारी पाठवते तिला तुझ्याकडे.'"

"पाठवणार होती?"

"हो."

"म्हणजे ती रागावली नव्हती?"

"नाही गं माझे आई. हसत होती ती. तुझं बोलणं सांगताना हसत होती."

ठकू दोन पायऱ्या उतरली आणि मावशीच्या शेजारी बसली, अंगाला अंग न लावता. "हे तू आधी का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

याचं उत्तर धाकटीकडे होतं, पण ते ठकूला द्यायचं नव्हतं. ते तिने संध्याकाळी, जिन्यातलं ठकूचं बोलणं सांगून झाल्यावर, भावजींना सांगितलं. गप्पांच्या बाईंचा फोन त्यांना गेला होता आणि काय बोलणं झालं कोण जाणे, ते उजेड असताना घरी आले होते. मुलं आत होती. ओट्याशी उभं राहून, त्यांच्याकडे न बघता ती बोलली. "त्याच फोनवर ताई म्हणाली होती, सकाळपासून डोकं ठणकतंय. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, शनिवारी ये दुकानात. गिऱ्हाईक उभं होतं भावजी. मी म्हटलं, ठेव आता. एवढंच. म्हणून तो फोन मी कुणाला सांगितला नाही."

भावजी स्टुलावर बसले. त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. त्यांच्या तळव्यांच्या रेघांत वंगणाचं काळं कायमचं बसलेलं असायचं. "मी घरातून निघताना तिला म्हटलं होतं, एक गोळी घे," ते म्हणाले. "चहा अर्धा टाकून गेलो. डॉक्टरांना मी तीनतीनदा विचारलं, धाकटे. तेव्हाच आणलं असतं तर? ते म्हणाले, कुणालाच कळलं नसतं. मला ते पटत नाही. पण तू फोन ठेवलास म्हणून ती गेली, हेही मला पटत नाही. आणि त्या पोरीचं तर..."

मग ते आत गेले. धाकटी दाराशी उभी राहिली. त्यांनी टिल्लूला मांडीवर घेतलं आणि ठकूला समोर बसवलं.

"आई झोपलेली नाही, टिल्लू," ते म्हणाले. "आई मेली. तिच्या डोक्यात एक बारीक नळी होती, ती आतल्या आत विरली होती. बाहेरून दिसत नव्हती. ती फुटली. कुणाच्या बोलण्याने नाही फुटली, ठकू. बोलण्याने शीर फुटत नाही. भांडणाने नाही, ओरडण्याने नाही. मग आईचं शरीर बंद पडलं. ते आता चालू होणार नाही."

टिल्लूने बापाचा काळा अंगठा धरला. "बाबा, तुम्ही दुरुस्त करा ना."

"मला माणसं दुरुस्त करता येत नाहीत रे," भावजी म्हणाले, आणि मुलांच्या देखत, आवाज न आवरता रडले. टिल्लूने सवयीने त्यांच्या मिटलेल्या पापण्या उचलायला हात नेला. बोटं ओली झाली तसा तो हात बघत राहिला. ठकू रडली नाही. ती उठली, टॉवेल घेऊन आली आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर चुटकीसरशी सगळं सुधारलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. टिल्लू पुढचे कित्येक दिवस तोच प्रश्न विचारायचा. "मेली म्हणजे उद्या येणार?" प्रत्येकाने प्रत्येक वेळी नाही म्हणायचं आणि प्रत्येक वेळी नव्याने मरायचं. ठकू मावशीच्या हातचं जेवू लागली, पण ताटावरून नजर न उचलता. भावजी गप्पांच्या बाईंकडे गेले, पहिल्यांदा दारापर्यंत जाऊन परत आले, मग आत गेले. तिथे काय बोलत ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जिन्याच्या वळणावर थांबणं मात्र बंद झालं नाही.

धाकटीने तिच्या मनाने एक गोष्ट ठरवली. एका रविवारी तिने स्वतःच आपली पिशवी भरली आणि ठकूला समोर बसवून म्हणाली, "मी माझ्या घरी जातेय. तू घालवलंस म्हणून नाही. मी तुझी मावशी आहे, आणि मला मावशीच राहायचंय. आई व्हायला मी आलेच नव्हते. सकाळी येईन, शाळेच्या वेळेला. संध्याकाळी दुकानातून येईन. रोज."

"रोज?"

"रोज."

"आणि आत्या म्हणाली ते?"

"आत्याला बोलायला आवडतं."

ठकूने पिशवीचं एक टोक धरलं आणि दारापर्यंत ओढत नेलं. दाराशी आल्यावर मात्र ते सोडेना. धाकटीने जोर केला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

आत्याला हे कळलं तेव्हा ती बोलायची ते बोलली. घर सोडून जायचं हे भलतंच खूळ, आणि आता पोरांनी कुणाकडे बघायचं? भावजींनी पहिल्यांदाच तिला थांबवलं. "अक्का, वेणी शिकव मला," ते म्हणाले. आत्या तोंडात मारल्यासारखी गप्प झाली. मग पदराने डोळे पुसले आणि सुंभाचे तीन पदर खिडकीला बांधून त्यांना शिकवायला बसली.

लिफ्टचे जाड दोर ओढणाऱ्या हातांना ते केस काही झेपत नसत. वेणी कधी कानापाशी उगवायची, कधी मध्येच सुटायची. ठकू ती जिन्यात सोडून टाकत नव्हती, एवढंच.

असंच एका सकाळी धाकटी ओट्यापाशी मुलांचे डबे भरत होती. बाहेर भावजींचं आणि ठकूचं नेहमीचं चाललं होतं. "हलू नको." "तुम्ही ओढता." "मी नाही ओढत, तूच डोकं पळवतेस." टिल्लू मोजे हातांत घालून फिरत होता. तेवढ्यात ठकू किंचाळली, मग हसली. कितीतरी दिवसांनी. खळखळून, पहिल्यासारखी.

"पडला! पडला!" आणि धावत्या पावलांचा आवाज स्वयंपाकघराकडे आला. "आई! आई, बघ, माझा दात पडला!"

ती दारात आली. अर्धी वेणी सुटलेली, ओठावर रक्ताचा ठिपका, तळहात पुढे केलेला आणि तळहातावर तो एवढासा दात. समोर ओट्यापाशी पाठमोरी मावशी होती. ती वळली.

ठकूचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"मी विसरले," ती म्हणाली.

धाकटीने डबा खाली ठेवला. मी आहे ना, असं ती म्हणाली नाही. "मीही विसरते गं," ती म्हणाली. "परवा दुकानातून तिचा नंबर लावला मी. तिला सांगायला की, आज ठकू दोन घास जास्त जेवली."

ठकूने हातातल्या दाताकडे पाहिलं. "हा हलत होता ते पण तिला माहीत नाही," ती म्हणाली. "तिला आता काहीच माहीत होणार नाही. मी केवढी झाले ते पण." आणि मग खालचा ओठ थरथरला, छाती एकदा, दोनदा उचलली गेली, आणि ताई गेली त्या दिवसापासून अडून बसलेलं ते रडणं आलं. शहाण्या मुलीचं रडणं नव्हतं ते. तोंड वासून, पाय झाडत, टिल्लूपेक्षा लहान होऊन ती रडली. "आई पाहिजे, मला आई पाहिजे." धाकटी खाली बसली तशी ती अंगावर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दात मुठीत घट्ट धरलेला, तो धाकटीच्या मानेला टोचत होता.

भावजी हातात कंगवा घेऊन दारात आले आणि तिथेच जमिनीवर बसले. टिल्लू मोजे घातलेल्या हातांनी ताईच्या, म्हणजे त्याच्या ठकूताईच्या, पाठीवर थोपटत राहिला. "आई मेली," तो तिला समजावून सांगू लागला. "उद्या पण नाही येणार."

खाली शाळेच्या गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने गाडी निघून गेल्याचा आवाज आला. धाकटीने एका हाताने ठकूला धरून दुसऱ्या हाताने फोन काढला आणि दुकानाच्या मालकांना लावला.

"काका, आज येत नाही मी," ती म्हणाली. पलीकडून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने पोरीच्या केसांवर हनुवटी टेकवली.

"काही नाही. दात पडलाय आमच्या ठकूचा," ती म्हणाली.